वाचकांचे प्रश्न : थांबत खेळण्याचा सराव

प्रश्न : एकट्याने डिस्क गोल्फचे (चपटी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ) १८ होल दीड तासात होतात. स्पर्धेत चौघांच्या गटात तीन तासांहून जास्त लागतात आणि शेवटी सोपे पट (बास्केटजवळून टाकायच्या फेकी) चुकतात. सराव कसा करावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचा हात बिघडलेला नाही, तो थंड पडतो. एकट्याने खेळताना फेकींमध्ये जेमतेम मिनिट जातं, शरीर गरम राहतं. स्पर्धेत पुढचा गट अडला की टीवर (होलची पहिली फेक जिथून करतात तिथे) दहा मिनिटंही उभं राहावं लागतं.

आठवड्यातून एक फेरी मुद्दाम संथ खेळा. प्रत्येक फेकीनंतर मोबाइलवर तीन मिनिटं लावा. दुसरी डिस्क फेकून चूक सुधारायची नाही. स्पर्धेत ती मुभा नसते. थांबताना बसू नका. पाळी येण्याआधी खांदे फिरवा, कंबर वळवा, हात रिकामा दोन-तीनदा फिरवा. मग ३० सेकंदांत फेका. नियमातली मर्यादा तेवढीच आहे, पहिल्यांदा ताकीद आणि पुढे दंडाची फेक.

पटिंगचा सराव सर्वांत जास्त बदला. दहा डिस्क सलग टाकल्या की तिसरीपासून अंदाज आपोआप जुळतो. स्पर्धेत पहिलीच मोजली जाते. एकच डिस्क घ्या, ५ ते ९ मीटरवरून टाका, चालत जाऊन आणा, जागा बदला. असे २० पट पुरेत. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, तिथे लांब फेकी नकोत.

एप्रिल-मेच्या उन्हात पाणी घोटघोट, दर दोन होलला. भूक लागण्याआधी शेंगदाण्याची चिक्की किंवा केळं खा.