बोटीची काळजी सोडा, गणिताची करा

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी कराडला टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. हवामानाच्या मॉडेलमध्ये समुद्राचे मोठे प्रवाह अधिक अचूक बसवायचं काम तिला करायचंय. तुम्ही विचारता: बोटीवर राहावं लागेल का, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी का, नोकरी मिळेल का?

बोटीचं आधी सांगतो. हे काम जवळजवळ सगळं संगणकावरचं.

अटलांटिकमध्ये कोमट, खारट पाणी उत्तरेकडे जातं, थंड होऊन बुडतं आणि खोलातून दक्षिणेला परततं. २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून त्याची सतत मोजणी चालू आहे. सेकंदाला सरासरी सुमारे १.७ कोटी घनमीटर. मॉडेल म्हणजे समुद्राचे चौकोन पाडून संगणकावर केलेलं गणित, आणि त्यातला एकेक चौकोन मात्र बऱ्याचदा शंभर किलोमीटर बाजूचा. ग्रीनलंड आणि आइसलंडमधल्या सामुद्रधुनीतून जड पाणी तळाच्या उतारावरून पातळ थरात घसरतं. अनेक मॉडेलांत हा उतार जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा असतो. प्रत्येक पायरीवर ते पाणी भोवतालच्या हलक्या पाण्यात नको तितकं मिसळतं आणि तळाशी पोचेपर्यंत त्याचा जडपणा निघून जातो. चौकोनाची बाजू निम्मी करायची, तर गणित साधारण आठपट वाढतं. म्हणून चौकोनात न मावणाऱ्या घडामोडींसाठी सूत्रं बसवावी लागतात. तुमच्या मुलीला करायचंय ते हेच.

त्यामुळे पर्यावरणशास्त्र नको. एम.एस्सी. फिजिक्स, गणित किंवा वातावरणशास्त्रातच करू द्या. द्रवगतिकी, म्हणजे पाणी-हवा कशी वाहते याचं शास्त्र, आणि न्यूमेरिकल मेथड्स, म्हणजे समीकरणं संगणकावर आकड्यांनी सोडवायच्या पद्धती, पक्क्या हव्यात. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुनाट वाटेल, पण समुद्राची बहुतेक मोठी मॉडेलं अजून त्यातच आहेत. एम.ओ.एम.६ या समुद्राच्या मॉडेलचा कोड तर कुणालाही फुकट वाचता येतो. आणि लांब कशाला, पुण्याच्या आय.आय.टी.एम. या हवामान संशोधन संस्थेचं मॉडेल सी.एम.आय.पी.६ या हवामान मॉडेलांच्या जागतिक तुलनेत उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल.

तिला एक काम द्या. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या रंगाच्या पट्ट्याचं एका मितीतलं समीकरण लॅपटॉपवर सोडवायला सांगा. साध्या पद्धतीने पट्टा विनाकारण पसरतो. का पसरला, यावर ती जेवण विसरून बसली तर निर्धास्त राहा. वैतागली तर आय.टी. वाईट नाही.

पैशाचं स्पष्टच सांगतो. पीएच.डी.ला पाचेक वर्षं जातात, जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये, वर घरभाडं. सरकारी कायम जागा थोड्याच. पण हेच कौशल्य हवामान अंदाजाच्या आणि विम्याच्या कंपन्यांनाही लागतं, त्यामुळे मुलगी अडून राहणार नाही.

आय.आय.टी.सारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश मिळवून देणारी जॅमची परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज त्याच्या बरेच महिने आधी भरायचे असतात. तारीख आजच बघून ठेवा.