पासवर्ड बरोबर असताना ‘आपण माणूस आहात का’ हा प्रश्न कशासाठी?

प्रश्न : बँकेचे व्यवहार, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण ही सारी कामे मी मोबाइलवरच करते. पासवर्ड अचूक भरला तरी कधी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला, तर कधी सिग्नल असलेले चौकोन निवडायला सांगितले जाते. घरच्या वाय-फायवर असे क्वचितच होते, लोकलमध्ये बसून मोबाइल इंटरनेट वापरताना मात्र वारंवार होते. पासवर्ड बरोबर असेल, तर ही वेगळी परीक्षा कशाला? — एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : पासवर्ड बरोबर आहे एवढ्यावरून तो भरणारा खातेदारच आहे, असे ठरत नाही. एखाद्या ढिसाळ संकेतस्थळावरून ईमेल आणि पासवर्ड यांच्या याद्या चोरीला गेल्या, की त्याच जोड्या बँका, दुकाने, ईमेल सेवा अशा भलत्याच ठिकाणी लावून पाहिल्या जातात, कारण पुष्कळ लोक एकच पासवर्ड सगळीकडे वापरतात. हे काम माणूस करत बसत नाही. ‘बॉट’ म्हणून ओळखले जाणारे प्रोग्रॅम ते अहोरात्र करतात. चार अंकी पिनच्या शक्यता अवघ्या १०,००० असतात. त्या एकेक करून पाहण्याचा माणसाला कंटाळा येईल, बॉटला येत नाही.

चार-पाच चुकांनंतर खाते बंद करण्याचा उपाय बँका योजतातच, पण तेवढ्याने भागत नाही. बॉट एका खात्यावर एकदाच प्रयत्न करून पुढच्या खात्याकडे वळला, तर चुकांची मर्यादा ओलांडलीच जात नाही. उलट, कोणी खोडसाळपणे चुकीचे पासवर्ड भरत राहिला, तर खऱ्या खातेदारालाच बाहेर राहावे लागते. म्हणून प्रत्येक प्रयत्नामागे थोडा वेळ आणि थोडे कष्ट पडतील, अशी व्यवस्था करावी लागते. आपल्याला एकदाच सोडवावे लागणारे कोडे लाखो प्रयत्न करणाऱ्याला लाखो वेळा सोडवावे लागते, यातच या पडताळणीचे सारे बळ आहे. ती अभेद्य मात्र नाही. वाकडी अक्षरे आता प्रोग्रॅमही वाचतात आणि पैसे देऊन माणसांकडून कोडी सोडवून घेण्याचा धंदाही चालतो. तरीही चोरी महाग पडते, आणि स्वस्तात होणाऱ्या चोऱ्याच संख्येने सर्वाधिक असतात.

अशा कोड्यांना दिलेले ‘कॅप्चा’ हे नाव २००३ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुई फॉन आन, मॅन्युएल ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. पुढे २००७ मध्ये आलेल्या रीकॅप्चामध्ये जुन्या छापील मजकुरातील, संगणकाला न वाचता आलेले शब्द लोकांकडून वाचून घेतले जात. म्हणजे लोकांच्या वैतागातून थोडेफार ग्रंथकार्यही घडले.

आता लोकलविषयी. अनेक संकेतस्थळे प्रत्येकाला कोडे घालत नाहीत. ओळखीचा फोन आहे का, ब्राउझरमध्ये पूर्वीच्या भेटीची खूण आहे का, विनंती कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आली, हे आधी पडद्याआड पाहिले जाते आणि शंका आली तरच कोडे समोर येते. मोबाइल कंपन्या बहुधा एकच पत्ता असंख्य ग्राहकांत वाटून देतात. त्यांपैकी कोणाच्या फोनमधून संशयास्पद विनंत्या जात असतील, तर त्याचा त्रास आपल्यालाही होतो. ब्राउझर ‘खासगी’ पद्धतीने उघडल्यास जुनी खूण सापडत नाही, तेव्हाही हेच घडते. अक्षरे दिसत नसतील, तर पुष्कळ ठिकाणी ती ऐकण्याची सोय असते; नवी अक्षरे मागवता येतात, ते वेगळेच.

या सवयीचा गैरफायदा घेणारी बनावट पडताळणीही आता आढळते. ‘मी रोबो नाही’ असा चौकोन दाखवून संगणकावर विंडोज व आर, मग कंट्रोल व व्ही आणि शेवटी एंटर दाबण्यास सांगितले जाते. तसे केल्यास त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा चालते आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम संगणकात शिरतो. खऱ्या कॅप्चाचे काम त्या पानावरच संपते. अशा फसवणुकीत पैसे गेले असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.