एकशे बारा ओळींची वही

२०२५ चा जुलै. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांचे दिवस. म्हणजेच प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या माझ्या सोलापूरच्या ऑफिसात चहा गार होण्याचे दिवस. बार्शीहून एक मुलगी आणि तिचे वडील आले. वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी पिशवीतून दोनशेपानी वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. पट्टीने आखलेले रकाने, कॉलेजचा कोड, शाखा, गेल्या वर्षीचा कटऑफ, आणि मुलीला मिळेल असं वाटतं तिथे लाल पेनाने बरोबरची खूण. एकशे बारा ओळी. हिशेब चोख ठेवायची सवय अक्षरात दिसत होती.

सीईटीला मुलीचे ९१.६ पर्सेंटाइल होते. प्रवर्ग ओबीसी.

बसल्या बसल्या त्यांनी प्रश्न टाकला. दरवर्षी निदान पन्नास पालक हाच विचारतात. "मॅडम, वर मोठी कॉलेजं टाकली तर खालचा नंबर हुकतो ना? म्हणून मी पुण्याचं सीओईपी, पिक्ट काढूनच टाकलं. उगं कशाला ओळ वाया घालवायची?"

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. एसटीच्या आरक्षणाची खिडकी आहे, रांग आहे. रांगेतली तुमची जागा पर्सेंटाइलने ठरली, आता ती पुढे-मागे होत नाही. तुमची पाळी आली की खिडकीतला माणूस तुमची चिठ्ठी वरून खाली वाचतो. पहिली जागा भरलीय? मग दुसरी. तीही भरलीय? तिसरी. जी पहिली मोकळी सापडेल ती तुमची. वरच्या दहा ओळी भरलेल्या निघाल्या म्हणून अकरावी कुणी तुमच्या मागच्या माणसाला देत नाही, कारण तो माणूस मागेच उभा आहे.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे वर लिहायला पैसे पडत नाहीत."

नाही पडत. तीनशेपर्यंत ओळी भरता येतात. पण क्रम लावायचा तो आवडीने, कटऑफने नाही. त्यांनी वही कटऑफप्रमाणे लावली होती, ९४ वाल्या वर, ८२ वाल्या खाली. त्यामुळे जिथे जायची मुलीची अजिबात इच्छा नव्हती असं एक कॉलेज केवळ कटऑफ चढा म्हणून सातव्या ओळीत बसलं होतं. ते लागलं असतं, तर त्याखाली लिहिलेल्या आवडत्या कॉलेजांचा विचारही झाला नसता.

खरी गडबड मात्र वेगळीच निघाली. लाल खुणा जास्तच आशावादी वाटत होत्या, म्हणून मी कॅपची कटऑफची पीडीएफ उघडली. ती वाचणं म्हणजे पंचांग वाचण्यासारखंच. एलओबीसीएच, जीओपीईएनओ असली अक्षरं. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळीवरची जागा. विद्यापीठवार जागांमध्ये सत्तर टक्के घरच्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, असा हिशेब असतो. वडिलांनी सगळीकडे एच रकाना वाचला होता, पुण्याच्या कॉलेजांनासुद्धा.

"पुणे विद्यापीठात पुणे, नगर, नाशिक. बार्शी त्यात कुठे?" मी म्हटलं.

"मग सोलापूरचा तरी एच आपलाच की."

मी मुलीकडे वळले. "बारावी कुठून केलीस?"

"लातूर."

घर बार्शीत आणि अकरावी-बारावी लातूरला, हे आमच्या भागात घरोघरी आहे. पण होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी जिथून पास झालात त्यावर ठरते. म्हणजे हिचं विद्यापीठ नांदेडचं. ज्या सोलापुरात बसून आम्ही बोलत होतो, तिथेही ती बाहेरची! वडिलांनी चष्मा काढून पुसला. निम्म्या लाल खुणा तिथेच पुसल्या गेल्या.

आणखी एक घोळ फीच्या भीतीतून आला होता. यादीत वर टीएफडब्ल्यूएसचे कोड होते. ट्यूशन फी माफ असलेल्या या जागा मोजक्याच, पाच टक्के, त्यामुळे त्यांचा कटऑफ बहुधा नेहमीच्या जागेहून चढा असतो. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) यांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी माफच आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. मग नेहमीच्याच कोडला फी माफ असताना टीएफडब्ल्यूएसच्या मागे कशाला लागायचं? नॉन-क्रीमी लेअरचा दाखला मात्र मी तिथल्या तिथे पाहून घेतला. तो नसला की ओबीसीची मुलगी थेट खुल्या प्रवर्गात जाते.

वडील बोलत होते, मी बोलत होते, मुलगी ओढणीचं टोक गुंडाळत बसली होती. मग मी वही तिच्याकडे सरकवली आणि वडिलांना खाली जाऊन चहा सांगायला लावलं.

"प्रत्येक ओळीवर बोट ठेव आणि एकच सांग. ही लागली तर जाशील?"

सातवी सोडली तर पहिल्या वीस ओळी "जाईन, जाईन" अशा गेल्या. पंचविसाव्या ओळीला बोट थांबलं. मग एका पानावर पाच वेळा "नाही". सगळ्या मिळून ३८ ओळींवर नाही. कुठे गावाबाहेर माळावरचं कॉलेज, आसपास राहायची सोय नाही. कुठे शाखेचं नाव ऐकून वडिलांनी टाकलेलं, हिला ती शाखाच नको. मी विचारलं, मग काय हवं? ती हळूच म्हणाली, "ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, चालेल मला. सगळे कॉम्प्युटर म्हणतात म्हणून बाबा जास्त करून तेच लिहितात."

इथे मला माझीच एक जुनी चूक आठवते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला ९७ पर्सेंटाइल होते. त्याने पुण्या-मुंबईतली बारा कॉलेजं लिहिली होती, बाराही कॉम्प्युटर. मी म्हटलं, पुरेत. पहिल्या फेरीत त्याला काहीच लागलं नाही. त्याची आई फोनवर काही बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. तेव्हापासून ओळी किती आहेत हे मी शेवटी बघते. आधी बघते ते हे, की सगळ्या ओळी एकाच गावाच्या आणि एकाच शाखेच्या तर नाहीत ना, आणि तळाच्या दहा ओळींत मूल खरंच बॅग भरून जाईल का.

चहा आला आणि वडिलांचा खरा उपयोग सुरू झाला. नकाशा त्यांच्या डोक्यात होता. कुठे थेट गाडी, कुठे रात्री उशिरा उतरावं लागतं, कुठला स्टँड मुलीने एकटीने उतरायचा नाही, सगळं तोंडपाठ. सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय त्यांनी लांब म्हणून गाळलं होतं, ते परत आलं. नांदेडचं गुरू गोविंदसिंगजी हे तर त्यांना सुचलंच नव्हतं. त्या भागातल्या विद्यापीठवार जागांना तिचा एच रकाना होता. एकूण ८६ ओळी झाल्या. तळाला सोलापूरची तीन कॉलेजं. बार्शीहून ७० किलोमीटर, मुलगी म्हणाली, "तिथं जाईन."

मग पहिल्या सहा ओळींवर आम्ही अर्धा तास घालवला. त्या वर्षीचा नियम असा, की पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला, दुसरीत पहिल्या तिनातला, तिसरीत पहिल्या सहातला, तर जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की. ती घ्या नाहीतर सोडा, कॅपच्या पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून "बघू तरी लागतंय का" असलं काहीही या सहात चालत नाही. सीओईपी आणि पिक्ट वर ठेवली. लागणार नव्हती, पण लागली असती तर ती नाचत गेली असती. तीन ते सहा पुण्यातलीच, दोन कॉम्प्युटर, दोन ईअँडटीसी. (हे नियम दरवर्षी हलतात. माझ्या या परिच्छेदावर विसंबू नका, तुमच्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचा.)

पहिल्या फेरीत ८४ वी ओळ लागली, सोलापूर. वडिलांचा फोन, आवाज पडलेला. मी म्हटलं, हजार रुपये भरून जागा धरून ठेवा, फ्रीज करू नका, बेटरमेंटला जा. वरचं लागलं तर ही जागा आपोआप सुटते, नाही लागलं तर ही आहेच. दुसऱ्या फेरीत काही हललं नाही. तिसऱ्या फेरीत पाचवी ओळ, पुणे, ईअँडटीसी. फ्रीज.

नंतर एकदा रात्री नऊला व्हॉट्सॲपवर फोटो आला, चौथ्या फेरीच्या कटऑफचा. एका आकड्याभोवती लाल पेनाचं गोल. खाली मजकूर: "मॅडम, तिसऱ्या नंबरचं कॉम्प्युटर हिला बसत होतं. आपण एक फेरी थांबायला पाहिजे होतं."

मी फोटो मोठा करून रकान्याचं नाव वाचलं. शेवटचं अक्षर एच होतं.