वाचकांचे प्रश्न: तलाव हिरवा दिसतोय, आता काय लिहू?

प्रश्न: मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. प्रोजेक्टसाठी एका तलावाच्या २०१६ आणि २०२३ च्या सॅटेलाईट इमेज शेजारी शेजारी लावून बघितल्या. आधी पाणी गडद होतं, आता हिरवट दिसतंय, आणि एनडीडब्ल्यूआय (इमेजमधलं पाणी ओळखणारा निर्देशांक) काढला तर पाण्याचं क्षेत्रफळपण कमी आलं. तलाव प्रदूषित झाला आणि आटत चाललाय, असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: एवढ्यात नको. आधी दोन्ही इमेजच्या तारखा बघा, एक पावसाळा संपल्यावरची आणि दुसरी ऐन उन्हाळ्यातली असली तर तुम्ही सात वर्षांतला नाही, दोन ऋतूंमधला फरक मोजलाय. दरवर्षी एकाच महिन्याची इमेज घ्या आणि दोनच वर्षांवर थांबू नका. सेंटिनेल-२ मालिकेचे दोन उपग्रह २०१७ पासून मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात, त्यामुळे पावसाळा सोडला तर ढग नसलेली एखादी तारीख सापडतेच, आणि मागे जायचं असेल तर १९८४ पासूनचा लँडसॅट उपग्रहांचा डेटा आहे (त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन), तोही फुकट.

आता हिरवा रंग. उपग्रहाला प्रदूषण दिसत नाही हो, त्याला फक्त पाण्यातून परत येणारा प्रकाश दिसतो. शेवाळातलं क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश खातं, हिरवा सोडतं, म्हणून शेवाळ वाढलं असेल तर ते पकडता येतं. गाळ वाढला की पाणी तपकिरी आणि उजळ दिसतं, तेही कळतं. पण नायट्रेट, फॉस्फेट, जंतू यांना स्वतःचा रंगच नाही, त्यामुळे इमेजमध्ये स्वच्छ दिसणारं पाणी पिण्याच्या लायकीचं नसू शकतं. उथळ जागी तर तळच दिसतो आणि आपण त्याला पाण्याचा रंग समजून बसतो. त्यात पाण्यावरून सेन्सरपर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला ९० टक्क्यांपर्यंत भाग मधल्या हवेचा असतो, म्हणून हवेचा परिणाम काढून टाकलेला डेटाच वापरा, आणि तोही डोळे झाकून नको, कारण नेहमीची करेक्शन बरीचशी जमीन डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात.

क्षेत्रफळाची गंमत वेगळीच आहे. एनडीडब्ल्यूआय चालतो तो पाणी नियर इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) गिळतं म्हणून. पानं उलट तोच प्रकाश जोरात परत फेकतात. म्हणजे तलावावर जलपर्णी पसरली की तिथला पिक्सेल (इमेजचा एक ठिपका) 'पाणी नाही' म्हणतो आणि काठोकाठ भरलेला तलावसुद्धा आटल्यासारखा दिसतो! तपासायला सोपं आहे, नियर इन्फ्रारेड लाल रंगात दाखवणारी फॉल्स कलर इमेज उघडा, जलपर्णी लालभडक दिसेल, उघडा पडलेला तळ करडा किंवा मातकट. आता तळावर गवत उगवलं असेल तर तेही लालच दिसणार, मग पाच-दहा दिवसांच्या अंतराच्या दोन इमेज बघा. जलपर्णीचा थर वाऱ्याने सरकतो, गवत जागचं हलत नाही.

आणि शक्य असेल तर उपग्रह जाणार त्याच दिवशी तलावावर जा, पाण्याचे नमुने घ्या, सेकी डिस्क सोडा (काळी-पांढरी चकती असते, ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं). नमुना काठापासून लांब घ्या कारण काठावरच्या पिक्सेलमध्ये अर्धी जमीनच मिसळलेली असते. एवढं केलंत तर 'शेवाळ वाढलं' बिनधास्त लिहा, 'प्रदूषित' लिहायला लॅबचा रिपोर्टच लागेल.

प्रश्न: एका डोंगराचा एनडीव्हीआय (इमेजमधून हिरवेपणा मोजणारा निर्देशांक) दहा वर्षांत वाढलाय. जंगल सुधारलं म्हणायचं ना?

उत्तर: हिरवेपणा वाढला म्हणा. एकाच जातीची लागवड, रान व्यापणारी परकी झुडपं, सगळ्यांचा एनडीव्हीआय छानच येतो. आणि जंगल खूप दाट झालं की हा आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकतो, त्यापुढे झाडं वाढली काय नि विरळ झाली काय, फारसा फरक दाखवत नाही. झाडांच्या उंचीसाठी जेडीचा डेटा बघा, २०१८ साली अंतराळ स्थानकावर बसवलेलं लेझर उपकरण आहे ते, पण सलग नकाशा देत नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी मोजतं. कोणती झाडं आहेत ते मात्र चालत जाऊनच बघावं लागतं, त्याला पर्याय मला तरी दिसत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात सगळ्या इमेज ढगांनी भरलेल्या. पुराचं पाणी कसं मोजायचं?

उत्तर: सेंटिनेल-१ उपग्रहांचं रडार वापरा, ते ढगातून आणि रात्रीही बघतं. शांत पाणी त्यात काळं दिसतं. जोराचा वारा असला की पृष्ठभाग खडबडीत होऊन तेच पाणी उजळ दिसतं आणि मोजणीतून सुटतं, तेव्हा त्या दिवसाचा वारा आधी बघून घ्या, आणि पुराआधीची एक इमेज त्याच कक्षेतून घेतलेली असू द्या.