वरातीमागून घोडं नको

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

नागरिकत्वाची शपथ झाली, अभिनंदन. अमेरिकेत ग्रीन कार्डवर बंदूक घेता येते, मत देता येत नाही. म्हणजे तुझ्या तिजोरीतल्या पिस्तुलाबद्दलचे नियम आजवर दुसरेच लोक ठरवत होते. आता तुझाही त्यात वाटा आहे आणि तू विचारतोस, "सेकंड अमेंडमेंट आहे ना काका, मग मताचं काय एवढं?"

हत्यार बाळगण्याचा हक्क देणारी ती घटनादुरुस्ती आहेच, कोण नाही म्हणतंय? पण घरात स्वसंरक्षणासाठी हत्यार बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात म्हटलं तेच मुळी पाच विरुद्ध चार अशा निकालाने. न्यायाधीशांना नेमतो राष्ट्राध्यक्ष, मान्यता देते सिनेट, आणि त्या दोघांना निवडून देतात मतदार. त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलंय. मर्यादा कुठे आखायची, हे बऱ्याचदा आपली राज्याची सभागृहंच ठरवतात.

आपल्या व्हर्जिनियाचंच बघ. २०१७ साली राज्याच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे हाउस ऑफ डेलिगेट्सच्या निवडणुकीत, न्यूपोर्ट न्यूजमधल्या ९४व्या मतदारसंघात फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने पुढे निघाल्या. मग वादातली एक मतपत्रिका न्यायाधीशांनी रिपब्लिकन डेव्हिड यॅन्सींच्या बाजूने धरली आणि दोघांची मतं झाली ११,६०८. जानेवारी २०१८मध्ये वाडग्यातून चिठ्ठी काढली, अगदी आपल्या ग्रामपंचायतीत काढतात तशी! यॅन्सींचं नाव निघालं आणि सभागृह ५१-४९ असं रिपब्लिकनांकडे राहिलं.

त्या एका जागेचं वजन पुढे कळलं. मे २०१९मध्ये व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत गोळीबारात १२ जणांचा जीव गेला. डेमोक्रॅट गव्हर्नर नॉर्थम यांनी बंदुकांच्या कायद्यांसाठी जुलैत खास अधिवेशन बोलावलं, रिपब्लिकनांनी ते दीडेक तासात गुंडाळलं. माझ्या मते तो उद्धटपणा होता. निदान चर्चा तरी करायची. नोव्हेंबरात मतदारांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हाती दिली.

मग आपली बंदूकवाली मंडळी जागी झाली. २० जानेवारी २०२०ला राजधानी रिचमंडमध्ये नव्या बंदूक कायद्यांविरुद्ध सुमारे बावीस हजार लोक कडाक्याच्या थंडीत जमले. मीही होतो. शांततेत, शिस्तीत पार पडलं सगळं, पण निवडणूक होऊन अडीच महिने उलटले होते. त्याच वर्षी खासगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी), महिन्याला एकच हँडगन आणि रेड फ्लॅग कायदा (धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा) लागू झाले. बॅकग्राउंड चेकबद्दल माझी तक्रार नाही. रेड फ्लॅगबद्दल आहे, त्यावर कधीतरी निवांत भांडू. समोरचे मतांच्या जोरावर जिंकले, यात मात्र गैर काही नाही.

असॉल्ट रायफलींवरच्या बंदीचं बिल तेवढं त्या वर्षी राज्याच्या सिनेटच्या समितीत अडलं, तेही चार डेमोक्रॅट सिनेटरांनी रिपब्लिकनांना साथ दिली म्हणून. नुसता पक्ष बघून शिक्का मारू नकोस, हे मी त्यासाठीच सांगतो. व्हर्जिनियात मतदाराची पक्षनोंदणी होत नाही, त्यामुळे कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तुला मत देता येतं. तुझ्या भागात नोव्हेंबरचा निकाल ठरलेलाच असेल, तर खरी लढत प्रायमरीतच असते.

गव्हर्नरच्या व्हेटोवरही फार विसंबू नये. रिपब्लिकन गव्हर्नर यंगकिन यांनी २०२४मध्ये बंदुकांविषयीची तीस बिलं अडवली. पण इथल्या गव्हर्नरला सलग दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, आणि २०२५मध्ये डेमोक्रॅट स्पॅनबर्गर निवडून आल्या. अशी अडवलेली बिलं नव्या गव्हर्नरसमोर पुन्हा येऊ शकतात.

आपल्या राज्याच्या निवडणुका विषम वर्षी होतात. राष्ट्राध्यक्ष निवडताना असते तशी गर्दी तेव्हा नसते. "त्या दिवशी ऑफिस होतं" हे ऐकून घेणार नाही, कारण मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं. आणि जाताना पिस्तूल घरी ठेव. मतदान केंद्राच्या ४० फुटांच्या आत बंदूक नेणं इथे गुन्हा आहे. तिकडे भारतात निवडणूक लागली की परवान्याची बंदूक बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, त्यामानाने हे काहीच नाही.

शनिवारी रेंजवर येशील तेव्हा तुझ्या भागाचा डेलिगेट आणि स्टेट सिनेटर कोण, ते बघून ये. गेल्या वेळी त्यांनी कुठल्या बिलावर कसं मत दिलं, तेही.

तुझा,
काका