गुडघ्यांची झीज झालेल्या आईने चालावे की विश्रांती घ्यावी?

६८ वर्षांच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज चारपैकी तिसऱ्या टप्प्यात आहे, तर तिने चालावे की गुडघे जपावेत, आणि सांधेरोपण, म्हणजे कृत्रिम गुडघा बसवण्याची शस्त्रक्रिया, किती काळ पुढे ढकलता येईल, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: चालावे. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण आमच्या घरात गुडघे जपण्याच्या नादात आठ महिने वाया गेले आणि माझा थोरला भाऊ ते अजूनही कबूल करत नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात सांगलीला आईचा एक्स-रे काढला. ज्यांना दाखवला त्यांनी गुडघ्याला हातही न लावता, फिल्म दिव्यासमोर धरून, 'हाडांमधली गॅप संपली आहे. जिना बंद, मांडी घालणे बंद, चालणे कमी' असे सांगितले. दादाची उभी हयात कारखान्याच्या देखभाल विभागात गेलेली असल्याने त्याला हे लगेच पटले. 'बेअरिंग गेले की मशीन बंद ठेवायचे, फिरवत बसायचे नाही', हे त्याचे म्हणणे. त्याने आरामखुर्ची आणली, स्वयंपाकाला बाई लावली आणि एक काठी आणून आईच्या उजव्या हातात, म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्याच्याच बाजूला, दिली. आठ महिन्यांनी टेबलाला धरल्याशिवाय आईला खुर्चीतून उठता येईना आणि वजन ७१ किलोवर गेले.

मग मी भांडून तिला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. त्यांनी एक्स-रे पाकिटातून काढण्याआधी शिंप्याच्या टेपने, गुडघ्याच्या वाटीपासून सारख्या अंतरावर, दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी तीन सेंटिमीटरने बारीक भरली. काठी त्यांनी डाव्या हातात दिली, कारण ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली तरच त्या पायावरचा भार हलका होतो. व्यायाम तीनच होते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे आणि हात छातीशी धरून खुर्चीतून उठणे-बसणे. बैठक उंच व्हावी म्हणून खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. आई सेकंद मोजत नसे. 'श्रीराम जय राम जय जय राम' पुरे होईपर्यंत पाय उचलून धरी. पहिले पंधरा दिवस ती कण्हत होती आणि दादा फोनवरून मला बोल लावत होता. गणपतीपर्यंत एक उशी निघाली, दिवाळीला दुसरी.

बेअरिंगच्या दाखल्याला मला त्या वेळी उत्तर सुचले नव्हते, ते येथे देते. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. ती सांध्यातील द्रवावर पोसते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यासाठी तिच्यावर भार पडावा लागतो आणि सुटावाही लागतो. शिवाय बेअरिंगला मांडी नसते. चालताना गुडघ्याला बसणारा धक्का मांडीचा स्नायू झेलतो, आणि बसून राहिल्याने सर्वांत आधी तोच वाळतो. एक्स-रेवरील टप्पा आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळही पुष्कळदा बसत नाही.

दादाच्या मते गुण आला तो त्याने पाठवलेल्या ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे सांध्यांसाठी पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या, गोळ्यांनी. अमेरिकेत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण रुग्णांना या गोळ्यांचा लाभ औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय अधिक झालेला दिसला नाही. उलट आईचे वजन सहा किलोंनी उतरले होते, आणि एक किलो उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. हा हिशेब खरे तर देखभाल विभागाला समजायला हवा.

आता शस्त्रक्रियेविषयी. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा सांधा दीड लाखाच्या घरातून ५४,७२० रुपये अधिक करावर आला, तेव्हा दादाने फोन केला की, आता दोन्ही एकदम करून टाकू. स्वस्त झाले म्हणून गुडघा बदलू नये. काही महिने मन लावून व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात फिरणे अवघड झाले असेल, तर मात्र पाय वाकडा होईपर्यंत थांबू नये. त्यासाठी वर्षांचा आकडा सांगता येत नाही.

हेही सांगायला हवे की, गुडघा लाल, गरम व सुजलेला असेल, ताप असेल किंवा पडल्याचे निमित्त झाले असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे. आपल्या आईंना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. वरून लावायच्या डायक्लोफेनॅक मलमापासून सुरुवात करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल, तर त्यावर कमोडची खुर्ची बसवावी.

माझ्या आईने अद्याप शस्त्रक्रिया केलेली नाही. उद्या करावी लागली, तर दादा 'मी म्हटलेच होते' असे म्हणेल, याची मला पूर्ण कल्पना आहे.