आईसाठी स्वयंपाकघरातलं काय शिवावं?

आईच्या साठाव्या वाढदिवसाला स्वयंपाकघरात रोज हाताशी राहील असं काहीतरी स्वतः करून द्यायचंय, पण घरी मशीन नाही आणि शिवण बेताचीच येते, असं तुम्ही लिहिलंय. गरम भांडी धरायच्या फडक्यांची जोडी करा, गोधडीसारखी शिवून. धावदोरा घालता आला की झालं.

माझी आई तापलेली कढई पदरानेच उतरवायची. सांडशी समोर असली तरी हात आधी पदराकडे जायचा. रोजच्या नेसणीतली साडी सिंथेटिक आणि शेजारी गॅस पेटलेला, मला बघवायचं नाही. म्हणून मी नवं छापील कापड आणलं, कडेने वेल भरला आणि एक फडकं शिवलं. आईने टाक्यांवरून हळूच बोट फिरवलं, "अगं, हे मळेल की!" म्हणाली आणि कपाटात ठेवून दिलं. संध्याकाळी पुन्हा पदर.

पुढच्या खेपेला तिचंच एक सुती जुनेर घेतलं, लादी पुसायला काढलेलं. त्याची फडकी तिने त्याच दिवशी वापरायला घेतली. तेव्हा कापड जुनंच घ्या. ते मऊ असतं, आटायचं तेवढं आटलेलं असतं आणि मळलं तरी जीव हळहळत नाही.

कापड शंभर टक्के सुती हवं, हे मात्र नीट तपासा. एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. तसलं कापड, आणि आत भरायला फोम, अजिबात नको.

जुनेराचे नऊ इंचांचे दोन चौकोन कापा. आत घालायला जुन्या सुती टॉवेलचे आठ इंचांचे तीन चौकोन. वरच्या दोन्ही कापडांच्या कडा अर्धा अर्धा इंच आत दुमडून टॉवेल मध्ये घाला आणि आधी फुलीसारखा कच्चा टाका मारा, नाहीतर थर सरकतात. मग जाड सुईत दुहेरी सुती दोरा ओवून कडेपासून आत आत चौकोनी फेरे घालत जा, दोन फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवून. गाठ थरांच्या आत लपवा. एका कोपऱ्यात साडीच्या काठाची पट्टी दुमडून शिवली की अडकवायची सोय होते. टाके वाकडेतिकडे आले तरी उसवू नका, गोधडीत ते शोभतात. दोन संध्याकाळी एका फडक्याला पुरतात.

देण्याआधी त्याने उकळत्या पाण्याचं पातेलं धरून मनात दहा आकडे मोजा. चटका जाणवला तर टॉवेलचा आणखी एक थर लागेल. आणि आईला एक आवर्जून सांगा, ओल्या फडक्याने भांडं धरायचं नाही. ओल्या कापडातून उष्णता झटकन हातापर्यंत येते. जोडी करायची ती याचसाठी, एक वाळत असलं तरी दुसरं कोरडं हवं. शिवाय कढईला कान दोन असतात.

फडक्यांबरोबर टाइलवर चिकटवायचा एक हुकही न्या आणि तुम्हीच लावून द्या, गॅसपासून हातभर लांब, आईचा उजवा हात सहज पोचेल तिथे. माझ्या आईच्या फडक्यांवर आता हळदीचे डाग आहेत, एक कोपरा करपलाय. परवा ती म्हणाली, "आणखी एक जोडी कर, मावशीला हवीय."